स्वतःचं म्युझिक करायचंय? आधी आपल्या एरियात वाजवा

मागच्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरचा पोरगा, अकरावीला आहे, रात्री दहाला फोन घेऊन घरी आला, दादा जरा ऐक ना म्हणाला. हेडफोन लावून बसलो. एक झालं, दुसरं झालं, फोनमध्ये एकूण ४३ फाइल्स निघाल्या आणि त्यात पूर्ण झालेलं गाणं एकही नाही. सगळे तीस-चाळीस सेकंदांचे तुकडे. बीट भारी, गळा चांगला, एके ठिकाणी तर अशी ओळ होती की मी परत मागे जाऊन ऐकली. पण मुखडा झाला की फाइल खल्लास. आणि त्याचा प्रश्न काय, तर दादा रिलीज कसं करतात आणि फॉलोअर्स कसे वाढवतात.

त्याला त्या रात्री जे सांगितलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण अशी पोरंपोरी मला सारखी भेटतात आणि प्रत्येक वेळी मी अर्धंच सांगतो. मी विक्रोळीचा, कन्नमवार नगर, नोकरी सांभाळून नऊ-दहा वर्षं स्वतःची गाणी करतोय. एक गोष्ट मला पक्की कळलीय, खोलीत हेडफोन लावून जे शिकता येतं ते वर्षा-दीड वर्षात शिकून होतं, त्याच्या पुढचं शिकायला माणसं लागतात, आणि ती माणसं शोधायला बांद्र्याला जायची गरज नाही, ती तुमच्या बिल्डिंगमध्ये, मंडळात, कॉलेजच्या कट्ट्यावर आहेतच.

पहिलं काम, गाणं संपवा

महिन्याला एक गाणं. चांगलं असो, बरं असो, पण मुखडा, दोन कडवी आणि शेवट असलेलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाऊन दाखवता येईल असं. मनात ठरवलेली तारीख आपण पाळत नाही, म्हणून ती दुसऱ्या कुणाच्यातरी कार्यक्रमाला बांधायची. बिल्डिंगची पूजा, मैत्रिणीच्या भावाची हळद, कॉलेजचा डे, काहीही चालेल. समोर लोक बसणार आहेत हे माहीत असलं की दुसरं कडवं बरोब्बर सुचतं, हे मी स्वतःवर कितीतरी वेळा बघितलंय.

फाइल्सना नावं द्या. "नवीन रेकॉर्डिंग १७" असं ठेवलं की सहा महिन्यांनी कुणालाच काही कळत नाही. मी तारीख, सूर आणि त्यातला एक शब्द असं लिहितो, "पांढरी दोन, पाऊस, १२ जुलै". एवढं पुरतं.

शब्दांबद्दल थोडं जास्त बोलतो कारण तिथेच आपली पोरं अडकतात. चाल येते, बीट येतो आणि शब्द मात्र कुठल्यातरी ऐकलेल्या गाण्यातले येतात, चंद्र, तारे, तुझ्याविना वगैरे. त्यापेक्षा आठवडाभर फक्त ऐका. ट्रेनमध्ये, भाजीवालीकडे, आईच्या फोनवर, आणि जे वाक्य कानात राहील ते तसंच्या तसं लिहून ठेवा. घरी मालवणी बोलत असाल, आगरी बोलत असाल, अहिराणी बोलत असाल तर त्यातच लिहा, ते साफ करून प्रमाण मराठीत आणायच्या भानगडीत पडू नका. ते शब्द तुमच्या तोंडात बसलेले असतात म्हणून सुरातही नीट बसतात.

आणि एक रियाज सांगतो जो मला फार उपयोगी पडला. अभंगाचा साचा घ्या. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक जुळतं. जोडाक्षर एकच धरायचं. त्यात देवाबद्दलच लिहायला पाहिजे असं काही नाही, आपल्या स्टॉपबद्दल लिहा, बाबांच्या ड्युटीबद्दल लिहा. मी असंच एकदा लिहिलं होतं,

चारची लोकल
डोळ्यांवर झोप
आईचा निरोप
डब्यामध्ये

हे मोजून बघा, सहा सहा सहा चार. आता हेच हिपहॉपच्या बीटवर बोलून बघा, चौथा चरण छोटा असल्यामुळे श्वास घ्यायला आपोआप जागा मिळते आणि ओळ तिथे जाऊन आपटते. आपल्याकडे शेकडो वर्षं लोक चालत चालत, टाळ वाजवत हे म्हणत आलेत, म्हणून तो साचा चालण्याच्या लयीत बसतो. रोज एक लिहा, महिनाभर. तीसपैकी दोन जरी चांगले झाले तरी एका गाण्याचं सामान झालं.

दुसऱ्यांबरोबर वाजवा, आणि शक्यतो वयाने मोठ्या लोकांबरोबर

हा भाग माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. आमच्या इथे दर गुरुवारी मंडळाच्या खोलीत भजन असतं. मी एकोणीस वर्षांचा असताना गिटार घेऊन तिथे गेलो, मला वाटलं सगळे खूश होतील. बुवांनी गिटारकडे बघितलं आणि म्हणाले, ठेव ती बाजूला, आधी टाळ धर. सहा महिने मी फक्त टाळ वाजवला. पहिल्या दोन महिन्यांत तर शेजारचे काका माझ्या गुडघ्यावर हाताने ठेका द्यायचे, कारण गजराला लय चढायला लागली की मी एकतर पुढे पळायचो नाहीतर मागे राहायचो.

त्या सहा महिन्यांत जे शिकलो ते कुठल्या व्हिडिओत मिळालं नसतं. लय चढवताना वीस माणसं एकत्र कशी चढवतात, बुवा नुसती मान वर करतात आणि पखवाज कसा उचलतो, कोरसने ओळ कुठे झेलायची, रूपाच्या अभंगाला, म्हणजे देवाच्या रूपाचं वर्णन असतं त्याला, आवाज किती दाबून ठेवायचा आणि गजराला किती सोडायचा. क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, लावून वाजवायची सवय असेल तर हे अंगात यायला वेळ लागतो. पण एकदा आलं की तुमच्या स्वतःच्या गाण्यातसुद्धा दुसरं कडवं पहिल्यापेक्षा किंचित पुढे सरकायला लागतं आणि ऐकणाऱ्याला ते जाणवतं.

पखवाजवाले काका भजनाच्या आधी कणकेचा गोळा मळून घेऊन बसायचे. डाव्या बाजूला, धुम्यावर, थोडी थोडी लावत जायचे आणि मध्येच एक थाप मारून ऐकायचे. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली तर पोकळ वाजतो. एकदा मी म्हटलं काका ट्यूनरवर बघूया का, तर म्हणाले बघ की, आणि त्यांनी आधी कानाने लावलं, मग मी ट्यूनर धरला, काटा बरोब्बर मध्ये. त्या दिवसापासून मी गिटारसुद्धा आधी कानाने लावतो, मग चेक करतो. तुम्ही पण करून बघा, दोन महिन्यांत फरक पडतो.

भजन हे माझं झालं. तुमच्या एरियात बेंजो पार्टी असेल, ढोल-ताशाचं पथक असेल, जाखडीचा नाच असेल, भीमगीतांची गायन पार्टी असेल, चर्चचा कॉयर असेल, जे असेल तिथे जा. बेंजोला आपल्याकडे वरातीचं वाद्य म्हणून नाक मुरडणारे लोक आहेत, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मूळ जपानचं वाद्य आहे, तायशोगोतो नावाचं, १९१२ च्या आसपास नागोयात तयार झालं, आणि त्यालाच आपल्या पोरांनी पिकअप लावून, ॲम्पला जोडून असं काही वाजवलं की आज मुंबईतली मिरवणूक त्याच्याशिवाय होत नाही. लालबाग-परळला एखादा चांगला बेंजोवाला जवळून बघा, उजव्या हाताची पट्टी किती बारीक चालते ते. इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्याने तर आवर्जून बघा.

कॉलेजात असाल तर एकांकिकेच्या टीममध्ये शिरा. पार्श्वसंगीत करायला माणूस कायम कमी असतो. आयएनटी, सवाई ह्या एकांकिका स्पर्धा, युनिव्हर्सिटीचा युथ फेस्टिव्हल, ह्यांच्या तालमी महिना-महिना चालतात आणि दिग्दर्शक रात्री अकराला सांगतो की हा तुकडा चार सेकंदांनी कमी कर आणि दुःखी नको, अस्वस्थ पाहिजे. अस्वस्थ म्हणजे नेमकं काय वाजवायचं हे तिथे उभ्या उभ्या शोधावं लागतं. मी माझ्या निम्म्या चाली त्या तालमींतच शोधल्यात.

सामान

इथे जास्त वेळ घालवू नका. दोन चॅनेलचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा डबा, एक डायनॅमिक माइक, एक हेडफोन, चांगल्या दोन केबल. कंडेन्सर माइक घ्यायची घाई नको, त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर तर लागतेच, शिवाय तो शेजारच्यांच्या कुकरची शिट्टीसुद्धा टिपतो. आपल्या घरांत डायनॅमिकच बरा. सॉफ्टवेअर फुकटचं चालेल, बँडलॅब किंवा ऑडॅसिटी. केबल, ॲडॉप्टर, स्टँड लॅमिंग्टन रोडला, वाद्यं बघायला धोबीतलावला फुर्टाडोज, हार्मोनियम-तबला दादरला. सेकंडहँड घेताना प्लग करून प्रत्येक नॉब फिरवून ऐका, खरखर आली तर भाव कमी करा नाहीतर सोडून द्या.

रेकॉर्डिंग रात्री एक ते चारमध्ये. पंखा बंद, फ्रिज त्या वेळेपुरता बंद, पाणी यायची वेळ टाळून. दोन खुर्च्यांवर गोधडी टाकून आत बसा, तोंडापासून माइक एक वीत लांब. खोली जेवढी कपड्यांनी भरलेली तेवढं बरं, कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गायलं तरी चालतं. लेव्हल लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवा, २४ बिटवर घेतलं तर नंतर वाढवता येतं, पण फाटलेला आवाज कशानेही जुळत नाही. मिक्स झालं की फोनच्या स्पीकरवर ऐका, तुमचे नव्वद टक्के लोक त्याच्यावरच ऐकणार आहेत, बेस तिथे गायब झाला असेल तर परत बसा.

पावसाळ्यात माइक आणि गिटार उघड्यावर ठेवू नका, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. तारा गंजतात, तबल्याची पुडी उतरते, माझा एक माइक जुलैतल्या ओलीने गेला तेव्हापासून मी हे सगळ्यांना सांगतो.

स्टेज

ओपन माइकला जरूर जा, अंधेरी-खारकडे वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात. पण तिथे समोर बसलेले निम्मे लोक आपला नंबर कधी येतो हे बघत असतात. खरी परीक्षा २६ जानेवारीच्या सत्यनारायणाच्या पूजेला. समोर आजी, तिच्या मांडीवर नातू, मागे कॅरम खेळणारी पोरं, प्रसादाची लाइन चालू, आणि त्यात तुम्ही स्वतःचं कुणी न ऐकलेलं गाणं म्हणणार. पोरांनी स्ट्रायकर खाली ठेवला की समजायचं गाण्यात काहीतरी आहे. कुठल्या ओळीला ठेवला ते लक्षात ठेवा आणि घरी येऊन लिहा. मी एक गाणं तीन वर्षं तीन पूजांना म्हटलं आणि तिन्ही वेळा दुसऱ्या कडव्याला लोक बोलायला लागले, शेवटी ते कडवं काढून टाकलं, गाणं आता कुठे उभं राहतंय.

मंडळात कार्यक्रम मागायची पण एक पद्धत आहे. आधी वर्गणीला, मांडवाला, खुर्च्या लावायला हात लावा. मग सेक्रेटरीला सांगा की भजनाच्या आधी मला पंधरा मिनिटं द्या. तासभर मागू नका. पंधरा मिनिटांत तीन गाणी, त्यातलं एक सगळ्यांना येणारं, दोन तुमची, आणि स्वतःचं शेवटी नको, मध्ये ठेवा.

साउंडवाल्या दादाशी आधी ओळख करून घ्या, नाव विचारा, लवकर पोचा, बॉक्स उचलायला मदत करा. स्वतःची केबल न्या, ॲकॉस्टिक गिटार असेल तर शक्य झाल्यास डीआय बॉक्स पण न्या, गिटार साउंड सिस्टिमला नीट जोडायला. सामान जास्त असेल तर लोकलच्या लगेजच्या डब्यातून जा, गर्दीच्या वेळी जनरलमध्ये गिटार घालू नका, मान तुटते तिची.

वेळेचं गणित पक्कं ठेवा. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या आजूबाजूला १०० मीटरपर्यंत सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र असू शकतं. धोबीतलावचं रंगभवन माहीतेय का, खुलं थिएटर, तिथे एकेकाळी इंडिपेंडन्स रॉक हा रॉक फेस्टिव्हल व्हायचा, १९८६ ला सुरू झालेला, मुंबईतल्या बँडवाल्यांची एक आख्खी पिढी तिथे उभी राहिली. आजूबाजूला हॉस्पिटलं आणि कॉलेज, शांतता क्षेत्रात आलं आणि तिथलं म्युझिक बंद झालं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. पण आजारी माणसाची झोप पण खरी आहे, म्हणून आपण जागा निवडतानाच बघायचं, आणि नऊ चाळीसला शेवटचं गाणं सुरू करायचं म्हणजे कुणी येऊन प्लग काढायची वेळ येत नाही.

पैशाचं आधी बोला. सुरुवातीला मंडळात नारळ आणि पाकीट मिळेल, ते आनंदाने घ्या, ते आपले लोक आहेत. पण जिथे तिकीट आहे किंवा जेवणाचं बिल फाडलं जातंय तिथे फुकट वाजवू नका. एका ठिकाणी आम्ही चौघं दोन तास वाजवून आलो, फोनवर सगळं ठरलं होतं, नंतर तीन महिने फोन उचलला नाही कुणी. ड्रमरचे येण्या-जाण्याचे पैसे पण मी खिशातून दिले. तेव्हापासून तारीख, वेळ, रक्कम, ॲडव्हान्स किती आणि उरलेले कधी, हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो आणि समोरून ओके आल्याशिवाय निघत नाही.

रिलीज आणि हक्क

गाणं तयार झालं त्याच दिवशी, नंतर नाही, कोणाचा वाटा किती हे लिहून सगळ्यांनी सही करा. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात, एक शब्द आणि चाल, दुसरी ते रेकॉर्डिंग. शब्द लिहिणारी एक, चाल लावणारा दुसरा, रेकॉर्डिंगचा खर्च करणारा तिसरा, असं असू शकतं. मैत्री असताना लिहिलेला कागद मैत्री टिकवतो, माझी एक जोडी ह्याच्यावरून तुटलीय आणि त्यात नुकसान दोघांचं झालं.

कॉपीराइट गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून झालं की आपोआप तुमचा होतो, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण तारखेचा पुरावा ठेवा. १९५७ च्या कायद्यात २०१२ ला जी दुरुस्ती झाली त्यामुळे गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही, म्हणून कुणी एकरकमी पैसे देऊन "सगळे हक्क कायमचे" असा कागद पुढे केला तर घरी नेऊन वाचा, कळणाऱ्याला दाखवा, तिथल्या तिथे सही नको. लिहिणारे आणि चाल लावणारे आयपीआरएसचे, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, मेंबर होऊ शकतात, गाणी बाहेर आली की होऊन टाका.

डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, गाणं टाकलं की त्याला आयएसआरसी मिळतो, १२ अक्षर-आकड्यांचा कोड, तो वहीत लिहून ठेवा. रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची ठेवा, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांना गाणं पाठवायचं असेल तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवावं लागतं. आणि २०२४ पासून तिथे एका गाण्याला बारा महिन्यांत १००० स्ट्रीम्स झाले नाहीत तर त्याचे पैसेच मोजत नाहीत. म्हणून सुरुवातीची कमाई तिथून होईल असं धरून चालू नका.

नेटवरचा "फ्री बीट" घेण्याआधी खालची अट वाचा, बहुतेक वेळा कमाई करायची नाही असं लिहिलेलं असतं. आणि अभंगाबद्दल एक घोटाळा कायम होतो, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, पण त्याला लावलेली गाजलेली चाल ही कुणातरी संगीतकाराची असते, आणि तो हक्क संगीतकार गेल्यानंतरही ६० वर्षं राहतो. स्वतःची चाल लावा, तेवढाच रियाज.

जिथून घेतलं तिथे परत द्या

आमचे पखवाजवाले काका ७४ वर्षांचे झाले आणि हात थरथरायला लागला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, ह्यांचं कधी काही रेकॉर्डच नाही झालं. चाळीस वर्षांत एक लग्नाची कॅसेट, ती पण सापडत नव्हती. एका रविवारी दुपारी आम्ही त्यांच्या घरी माइक लावले, एक धुम्याकडे, एक उजव्या बाजूच्या शाईकडे, दोन्ही तिरके, हातभर लांब. खाली पाण्याची मोटर चालू झाली, थांबलो. वरच्यांचं मिक्सर, थांबलो. काकांना थांबण्याचा अजिबात कंटाळा नाही, तेवढ्यात कणीक ओली करून घ्यायचे. तीन तासांत बावीस मिनिटांचं वाजवणं मिळालं. त्यात त्यांनी स्वतः बांधलेले दोन तुकडे आहेत जे त्यांनी कुणाला शिकवले नव्हते.

हे तुम्ही तुमच्या एरियात करू शकता, आणि कराच. दोन माइक आणि एक लॅपटॉप एवढंच लागतं आणि ते तुमच्याकडे आहे. फक्त काही गोष्टी पाळा. आधी विचारा की रेकॉर्ड करू का, आणि नंतर परत विचारा की बाहेर टाकू का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नाव त्यांचं पहिलं. पेन ड्राइव्हमध्ये कॉपी घरच्यांना द्या, लिंक पाठवून मोकळे होऊ नका. आणि त्यातला तुकडा तुमच्या गाण्यात वापरायचा असेल तर वाटा लिहून द्या, म्हातारी माणसं नको नको म्हणतात, तरी द्या.

दुसऱ्या समाजाचं गाणं, कोळ्यांचं, वारल्यांचं, घ्यावंसं वाटलं तर त्यांच्यातल्या माणसाला बरोबर घ्या. स्वदेसी ह्या मुंबईच्या हिपहॉप ग्रुपने २०१९ मध्ये आरेतल्या आदिवासींच्या जमिनीवर गाणं केलं तेव्हा आरेतलेच प्रकाश भोईर त्यात गायले, नाव पण सोबत आलं. त्यामुळे ते गाणं तिथल्या लोकांचं पण झालं.

ही काही नवीन रीत नाही. १९४४ ला अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि कामगार वस्त्यांमध्ये, गिरणगावात गायले. लेबल नाही, मॅनेजर नाही. अण्णाभाऊ आमच्या बाजूलाच, घाटकोपरला चिरागनगरला राहायचे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला जाऊन बघा, कितीतरी गायक स्वतःची गाणी स्वतः रेकॉर्ड करून, स्वतः स्टॉल लावून विकत आलेत, आधी कॅसेट, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. इंडिपेंडंट म्युझिक म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर एक दिवस तिथे उभे राहा, गाणाऱ्यांशी बोला, एखादी सीडी विकत घ्या.

शिकवायला पण लागा, आत्ताच, सगळं येईपर्यंत थांबू नका. आठवड्यातून एक तास, अभ्यासिकेत किंवा जिन्यात, चार-पाच पोरं. पोरांना तालातल्या टाळी-खालीतला फरक समजावताना मला माझ्याच गाण्यातली लय कुठे घसरते ते कळलं. आणि पोरी येत नसतील तर वेळ बदला, घरच्यांना भेटा, दार उघडं ठेवून शिकवा. आमच्याकडे संध्याकाळी साडेआठचा क्लास सहाला आणला आणि तीन मुली यायला लागल्या, त्यातली एक आज आमच्यातली सगळ्यात पक्की ताल धरणारी आहे.

आता त्या खालच्या मजल्यावरच्या पोराचं सांगतो. ४३ मधला एक तुकडा त्याने निवडला, तोच ज्यात ती ओळ होती. दोन कडवी झालीत, शेवट अजून नाही. सेक्रेटरीने पूजेला भजनाच्या आधी, आठ वाजता, दहा मिनिटं दिलीत. काकांचा हात आता पखवाजावर चालत नाही पण टाळ धरतो म्हणालेत. रविवारी पाच वाजता मंडळाच्या खोलीत पहिली तालीम आहे, त्याच्याकडे केबल एकच आहे, दुसरी मी घेऊन जातोय.